राणी मरताना काय म्हणाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे कारभारी पुरुषोत्तम काका. व्यासपीठावर माझ्या उजव्या हाताला बसलेले आपले नाटककार मोरेश्वर काका. ज्यांच्या छताखाली आपण दर भाद्रपदात गणपती बसवतो आणि ज्या आपल्या फोडणीचा वास आता तक्रार न करता सहन करतात, त्या या लिथुएनियन हॉलच्या व्यवस्थापक श्रीमती दानुते. आजची सत्कारमूर्ती अबोली. आणि शॉमबर्गहून, नेपरव्हिलहून, थेट मिलवॉकीहूनसुद्धा रविवारची दुपार मोडून आलेले समस्त काका, काकू, मावशी आणि मागच्या रांगेत गेमबॉय खेळणारे बालगोपाळ, तुम्हा सर्वांना शोभाचा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. मंडळाच्या नाटकांत मी प्रॉम्प्टर असते. विंगेत प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात टॉर्च, आणि समोरचा अडखळला की त्याचं वाक्य त्याला हळूच द्यायचं. इथे सगळे नोकऱ्या करणारे, पाठांतर होतं ते ड्राइव्ह करताना, त्यामुळे माझ्याशिवाय आपल्या स्टेजवर पान हलत नाही. दुसऱ्यांची वाक्यं सांगण्यात इतकी वर्षं गेली, की स्वतःचं वाक्य मोठ्याने बोलायचं म्हटलं तरी मी कुजबुजायला लागते. तरी आज बोलणार आहे. अबोलीनेच सांगितलंय, "शोभाकाकू, जे झालं ते नीट सांगून टाका, माझ्यामागे त्याच्या तीन तीन आवृत्त्या नकोत." मोरेश्वर काकांनी परवानगी दिली आहे, अतुलने दिली आहे. बाकी कोणाची मी मागितलेली नाही.

आणि मला वेळही भरपूर आहे. सत्काराची शाल आणि श्रीफळ घेऊन निघालेली गाडी आय-नाइंटी हायवेवर अडकली आहे, तोवर शोभाताई तुम्ही बोलत राहा, असा आदेश आहे. घाबरू नका. या दानुतेबाईंच्या देशात तर याहून मोठं घडलेलं आहे. त्यांच्या एका थोर ड्यूकला राजा करायचं ठरलं, पाहुणे जमले, मेजवान्या झडल्या, आणि मुकुट घेऊन येणाऱ्या लोकांना शेजाऱ्यांनी वाटेतच अडवलं. मुकुट आलाच नाही. बिचारा ड्यूक वाट बघता बघता वारला. आपली शाल डेव्हन अव्हेन्यूवरच्या आपल्या इंडियन दुकानांतून येते आहे, ती येईल.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. अबोली इथे आली ती स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायला, पुण्याहून. तिची थोरली बहीण अपर्णा आधीपासून शॉमबर्गला होती. नवरा अतुल, मुलगी सई, धाकटा वेदांत. अपर्णा म्हणजे काय होती हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मोदकाला कळ्या पाडताना ती हसायला लागली की सगळी पंगत हसायची. तिला कॅन्सर झाला आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बर्फाच्या दिवसांत, ती गेली.

तेव्हापासून ही मुलगी आठवडाभर युनिव्हर्सिटीत आणि शनिवार-रविवार शॉमबर्गला. वेदांतचं सॉकर, सईचा व्हायोलिनचा क्लास, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. आपणही धावलो, नाही असं नाही. डबे तर इतके गेले की अतुलच्या फ्रीजरमध्ये आजही कोणाची तरी मटकीची उसळ आहे. ज्यांची असेल त्यांनी डबा घेऊन जावा.

पण डब्यांबरोबर आपण आणखी एक गोष्ट त्या घरी पोचवली.

तेरावा होण्याच्या आतच हे सुरू झालं. "अपर्णा जाताना म्हणाली, अबोलीलाच घरात आणा, दुसरी कोणी आली तर माझ्या मुलांना छळेल." प्रत्येक किचनमध्ये हेच. कोणी डोळे पुसत सांगायचं, कोणी वरण ढवळत. मीही ऐकलं आणि मला ते खरं वाटलं, कारण आईचा जीव असाच अडकतो. शिवाय आपल्यात यात नवीन काही नाही. बहिणीच्या जागी बहीण. माझी सख्खी आत्या अशीच दिलेली. आत्या सुखी होती का, हे आमच्या घरात तिला कोणी कधी विचारलं नाही. तिला दोन भाचे आणि एक मोठं स्वयंपाकघर मिळालं, एवढंच आम्हाला माहीत.

अतुलला हे सांगण्यात आलं. शेवटच्या घटकेला तो वेदांतला शाळेतून आणायला गेला होता, अपर्णाजवळ नव्हता. त्याला वाटलं, ती अबोलीशी बोलली असेल. अबोलीलाही सांगण्यात आलं. ती जवळ होती, तिने असं काही ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, ताई आधी कधीतरी अतुलदादाला बोलली असेल. हो, ती त्याला पहिल्या दिवसापासून अतुलदादा म्हणते. आता सांगा, ज्याला दादा म्हटलं त्याला जाऊन विचारायचं काय आणि कसं? दोघं एका घरात, एका टेबलाशी बसून मुलांना भरवत होते, आणि दोघांनी दीड वर्ष एकमेकांना विचारलं नाही.

इथे मला आणखी एक गोष्ट बोलायची आहे. पुरुषोत्तम काका, कपाळाला आठ्या घालू नका, आज मी बोलणारच.

दानुतेबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या कानात माझं भाषण इंग्रजीत सांगतो आहे, तो आयुष. नागपूरचा. अबोलीच्याच युनिव्हर्सिटीत मेटलर्जीत पीएच.डी. करत होता. अपर्णा असतानाच अबोली त्याला आपल्या गणपतीला घेऊन आली होती, आणि हे दोघं लग्न करणार हे अपर्णाला माहीत होतं, अतुलला माहीत होतं. आल्याबरोबर पोराने शंभर खुर्च्या लावल्या. त्याला तिघाचौघांनी आडनाव विचारलं. आडनाव ऐकून सगळे म्हणाले, "अच्छा, अच्छा." त्या 'अच्छा'चा अर्थ आपल्याला इथे कोणी समजावून सांगायला नको. त्याच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे, आजोबा दीक्षाभूमीवर होते, हे त्याने स्वतःहून सांगितलं, लपवायचं कारण काय त्याला?

तर गंमत बघा. 'आयुष नको' असं कोणी एका शब्दाने म्हटलं नाही. गरजच पडली नाही. मेलेल्या माणसाचा शब्द पुढे केला की जिवंत माणसाला तोंड उघडता येत नाही. आपण सगळे सुशिक्षित लोक आहोत, आपण जातीचं काही बोलतच नाही. आपण फक्त मुलांची काळजी करतो.

आता राजा. माझ्या पाठीमागे भिंतीवर जो दाढीवाला, मुकुटवाला माणूस टांगलेला आहे, त्याच्याखालीच आपण मखर लावतो, आणि आपल्यातले निम्मे त्याला कोणीतरी ख्रिस्ती संत समजत होते. वेदांत त्याला लहानपणी सँटा म्हणायचा. तो मिंदाउगस. लिथुएनियाचा पहिला राजा आणि शेवटचाही. त्याच्याआधी सगळे आपापल्या गढीचे सरदार, भाऊबंद, पुतणे. याने काहींना मारलं, काहींना हाकललं, उरलेल्यांना दाबात ठेवलं आणि एक राज्य केलं. मुकुट हवा तर तो पोपकडून मिळणार, म्हणून बाप्तिस्मा घेतला. आयुष मला म्हणाला होता, "काकू, यांच्या राजाने धर्म बदलला तर मुकुट मिळाला. आमच्या आजोबांनी बदलला तर होत्या त्या सवलतीही गेल्या." असो. बाराशे त्रेपन्न साली त्याचा राज्याभिषेक झाला. पुढे त्या देशात मोठमोठे ड्यूक झाले, काळ्या समुद्रापर्यंत गेले, पण लिथुएनियाचा राजा म्हणून मुकुट पुन्हा कोणाच्या डोक्यावर बसला नाही. तो सहा जुलैचा दिवस हे लोक अजून सण म्हणून पाळतात. यंदा साडेसातशे वर्षं झाली. तिकडे विल्नियसमध्ये पुतळा बसवला, आणि इकडे दानुतेबाई आपल्या मंडळाला म्हणाल्या, "तुम्ही नाटकवाले लोक आहात, आमच्या राजाचं वीस मिनिटांचं काहीतरी करा ना."

आणि आपल्याकडे मोरेश्वर काका होतेच. काका रिटायर झाल्यापासून गणपतीची तयारी करायला सगळ्यांच्या आधी येतात आणि दानुतेबाईंकडून पुस्तकं घेऊन वाचतात. हा राजा त्यांच्या अंगात आलेला आहे. भाजी चिरताना राजा, पार्किंग लॉटमध्ये राजा. काका, राग मानू नका, पण तुमची गोष्ट सुरू झाली की आम्ही अर्ध्यावर सटकतो. कोणाचा फोन वाजतो, कोणाला मूल शोधायचं असतं. हे लक्षात ठेवा मंडळी, मी पुन्हा याच्यावर येणार आहे.

काकांनी नाटक लिहिलं. कमिटीने वाचलं आणि शेवटची पानं कापली. का? तर म्हणे अशुभ आहेत, लोकांच्या आनंदाच्या दिवशी असलं नको, शेवट गोड करा. मधला राज्याभिषेक उचलून शेवटी टाकला. माझ्या हाती आली ती कापलेली वही. कापलं काय ते मी विचारलं नाही, प्रॉम्प्टरला असलेल्या वाक्यांशी काम.

आणि मग कास्टिंग. अतुलला चार माणसांसमोर 'थँक यू' म्हणतानाही घाम फुटतो. पण कमिटीने ठरवलं, राजा अतुल. मेलेल्या राणीची बहीण अबोली. दोन राजपुत्र सई आणि वेदांत, सईला मिशा काढायच्या. आणि राणी म्हणून स्टेजवर एक रिकामी खुर्ची, तिला हार. मला एका काकूंनी तालमीला समोसे देता देता डोळा मारून सांगितलं, "तेवढंच दोघं जवळ येतील हो." म्हणजे एका घरातलं खरंखुरं मरण आपण उचलून स्टेजवर ठेवलं, त्याच घरातल्या माणसांना त्यात उभं केलं, आणि आपल्याला वाटलं आपण पुण्याचं काम करतोय. आज हे बोलताना माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा आला नाही. तेव्हा मी समोसा खाल्ला.

सहा जुलैला हा हॉल भरलेला होता. डाव्या बाजूला आपण, उजव्या बाजूला ते. त्यांना मराठी कळावं म्हणून आयुष त्या कोपऱ्यात ओव्हरहेड प्रोजेक्टर घेऊन बसला होता. एकेक वाक्य इंग्रजीत लिहिलेल्या काचकागदांची चळत त्याच्यापुढे, स्टेजवर वाक्य झालं की भिंतीवर त्याचं इंग्रजी.

राणी वारली. बहीण दुखवट्याला आली. राजा तिच्यासमोर उभा राहिला. अतुलने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी पहिला शब्द दिला, आणि तो बोलला, "तुझी बहीण मरताना मला म्हणाली, तुलाच घरात आणावं, म्हणजे दुसरी कोणी येऊन मुलांना छळणार नाही."

आपल्या रांगांतून आधी हुंदके आले आणि मग टाळ्या. आपण टाळ्या वाजवल्या, मंडळी. राजाला नाही, शॉमबर्गच्या अतुलला. उजवीकडच्या रांगा मात्र एकदम गार. तिथे कोणी हललं नाही. मला वाटलं, यांना भावना कळल्या नाहीत.

माझ्या वहीत पुढे अबोलीला वाक्य नव्हतं. कंसात लिहिलं होतं, 'मान खाली घालते.' अख्ख्या प्रवेशात त्या बाईला एकही वाक्य नव्हतं, तालमीच्या इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने मान खाली घातली नाही. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ती गेली तेव्हा मी तिथे होते. ती असं काही म्हणाली नाही."

माझ्या हातातला टॉर्च बंद झाला का मी बंद केला, मला आठवत नाही.  तिकडे आयुषने काय केलं असेल? त्याच्या चळतीत या वाक्याचा कागदच नव्हता. त्याने एक कोरा कागद काचेवर ठेवला, मार्कर घेतला, आणि भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत त्याच्या हातासकट ते वाक्य इंग्रजीत उमटत गेलं. या राजाच्या तसबिरीच्या शेजारी. उजवीकडच्या सगळ्या रांगांनी एकदम श्वास घेतलेला मी ऐकला.

अतुलने माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या लोकांना इतकी वाक्यं दिली, विसरलेली, गाळलेली, चुकीच्या अंकातली. पण त्या दिवशी माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं. मी नुसती मान हलवली. मग तो अबोलीकडे वळला आणि अगदी हळू म्हणाला, "मग काय म्हणाली ती?"

तिने उत्तर दिलं. तेही हळू. ते या हॉलमध्ये मी एकटीने ऐकलं. आयुषपर्यंतही पोचलं नाही, त्याची काच कोरीच राहिली. अतुलने राज्याभिषेकासाठी ठेवलेला थर्माकोलचा मुकुट उचलला, हार घातलेल्या खुर्चीवर ठेवला आणि दोन्ही राजपुत्रांना घेऊन आत निघून आला. सईच्या मिशा फराटून गालावर आल्या होत्या. कोणीतरी पडदा ओढला. राज्याभिषेक झालाच नाही, आणि आपल्यातल्या काहींनी तर हेच नाटक समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मी तिथून खाली किचनमध्ये गेले. काहीतरी तळायला घेतलं की मला बरं वाटतं, म्हणून भजी घातली. तेवढ्यात दानुतेबाई आल्या आणि त्यांनी मला एकच विचारलं, "नाटक छान होतं. पण तिचा नवरा कुठे होता?"

मी म्हटलं, कोणाचा नवरा?

तेव्हा मला ती कापलेली पानं कळली. ती बहीण कुमारिका नव्हती. दाउमान्तस नावाच्या सरदाराची ती लग्नाची बायको. बहिणीच्या दुखवट्याला आली होती, राजाने तिला परत जाऊच दिलं नाही. म्हणाला, तुझ्या बहिणीची शेवटची इच्छा. दाउमान्तस काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने राजाच्या पुतण्याशी हातमिळवणी केली आणि राजाला ठार मारलं. आणि राजाबरोबर त्याच्या दोन्ही मुलांना. ज्या मुलांना कोणी छळू नये म्हणून मावशीला ठेवून घेतलं, त्या मुलांना. उजवीकडच्या रांगांतल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट पाठ. आणि त्यांच्यासमोर आपण त्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात झारा तसाच होता, तेल ओट्यावर गळत होतं, भजी काळी झाली.

मी मोरेश्वर काकांना बोलावलं. म्हटलं, काका, हे तुम्हाला माहीत होतं?

"माहीत म्हणजे? मीच लिहिलं होतं. कमिटीने नवराही कापला आणि खूनही कापला."

"मग मला सांगायचं नाही?"

"शोभा, मी सांगतच असतो. तुम्ही कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही."

हे खरंच होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी खदखदत होतं. राजाचं वाक्य आणि अपर्णाचं वाक्य. जवळजवळ शब्दन् शब्द तेच. 'दुसरी कोणी येऊन मुलांना छळेल.' मी म्हटलं, काका, अपर्णा असं म्हणाली हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी एका काकूंचं नाव घेतलं. काकू तिथेच प्लेटा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, मला हिने सांगितलं. हिने सांगितलं, मला तिने. तिला बोलावलं. असं करत करत आम्ही दोघींपर्यंत आलो. त्या दोघी आत्ता या हॉलमध्ये आहेत, नावं घेत नाही, मला घरी जायची राइड त्यांच्याच गाडीत आहे. त्या म्हणाल्या, "अहो, आम्हाला तर मोरेश्वर काकांनीच सांगितलं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. अपर्णा गेली त्या दिवशी."

काका म्हणाले, "मी? मी तर तुम्हाला मिंदाउगसच्या मोर्ताराणीची गोष्ट सांगत होतो."

मंडळी, ऐका. झालं होतं ते असं. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कोणीतरी हळहळून म्हणालं, आता या मुलांचं कसं होणार. काका हातात पुस्तक घेऊन बसलेले, त्यांना नुकतंच वाचलेलं आठवलं. ते म्हणाले, अशीच एक राणी होती, ती मरताना म्हणे म्हणाली, माझ्या बहिणीलाच घरात आणा, दुसरी कोणी आली तर मुलांना छळेल. इथवर आले, आणि एकीचा फोन वाजला, दुसरी थर्मास भरायला गेली. नवरा, फसवणूक, खून, मुलांचं मरण, सगळी गोष्ट काकांच्या तोंडातच राहिली. अर्धी बाहेर पडली ती शॉमबर्गला जाईपर्यंत अपर्णाची झाली. पंधरा दिवसांनी तीच फिरून काकांकडे आली, आणि काका ती ओळखू शकले नाहीत. त्यांना वाटलं, काय हा योगायोग, आपल्या अपर्णाचंही मोर्तासारखंच झालं. ते रडले. आणि यंदा दानुतेबाईंनी नाटक मागितलं तेव्हा त्याच भरात त्यांनी ते लिहिलं.

काका भाताच्या कुकरशेजारी खाली फरशीवर बसले.  त्या दोघी त्यांच्याशेजारी बसल्या. कोणी कोणावर ओरडलं नाही. ओरडायचं तरी कोणावर? कोणी खोटं बोललं नव्हतं. आणि तरी एका मुलीचं आयुष्य मुकाट्याने दुसऱ्याच्या घरात चाललं होतं.

मला अजून हे पचलेलं नाही. लोक म्हणतात राजाचा वारसा, राजाचा वारसा. पुतळा असतो, सुट्टी असते, नाटक असतं. त्या दिवशी मी दानुतेबाईंना विचारलं, मोर्ता खरंच असं म्हणाली होती का हो? त्या म्हणाल्या, "कोणाला ठाऊक. तसं सांगणारा एकच माणूस आहे, राजा." म्हणजे ज्याला ती बाई हवी होती, तोच एकटा साक्षीदार. आणि साडेसातशे वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, त्याचं ते एक वाक्य आमच्या कुकरांमधून आणि थर्मासांमधून एका घरात शिरलं. त्या राजाच्या राज्याला कोणी वारस उरला नाही म्हणतात. त्याच्या त्या वाक्याचे वारस आम्ही निघालो.

असो. आता मुद्द्यावर येते, मागून खूण होते आहे की शाल आली.

अबोलीला जर्सी सिटीत नोकरी लागली आहे, पुढच्या सोमवारी ती जॉइन होईल. आयुषची नोकरीही तिकडेच. दोघांनी मागच्या आठवड्यात कोर्टात लग्न केलं; साक्षीदार अतुल आणि मी. अतुलने सही केली ती इतकी मोठी, की कोर्टातल्या क्लार्क बाईंना दुसरा फॉर्म काढावा लागेल की काय असं वाटलं. ज्यांनी 'अच्छा, अच्छा' म्हटलं होतं त्यांतल्या दोघींनी मिळून प्रेशर कुकर दिला आहे. आयुषने तो घेतला. मी असते तर घेतला नसता, पण तो माझ्यापेक्षा भला माणूस आहे.

आता तुमच्यातल्या काहींच्या मनात आहेच, मग मुलांचं काय? माझ्याही होतं. मी त्या संध्याकाळी अतुलला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काकू, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की मला जमणार नाही. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एकदा करून तर बघू दे."

तर अपर्णा काय म्हणाली, ते आज अबोलीच्या परवानगीने सांगते. हॉस्पिटलच्या त्या खोलीत तिला मोठं काही बोलायला ना ताकद होती, ना वेळ. तिने कोणाला कोणाच्या घरात आणायला सांगितलं नाही. ती अबोलीला म्हणाली, "सईच्या वेण्या घट्ट घालू नका गं. तिचं डोकं दुखतं." बस. एवढं बोलून तिने डोळे मिटले. अबोलीने ते दीड वर्ष मनात ठेवलं, कारण त्या दुसऱ्या भारी वाक्यापुढे हे कोणाला सांगावं इतकं मोठं तिला वाटलं नाही. स्टेजवर अतुलने विचारलं तेव्हा तिने त्याला हेच सांगितलं.

आपले अध्यक्ष शाल घालणार होते. पुरुषोत्तम काका, आपली क्षमा मागून, मावशीला शाल सईने घालावी असं मी सुचवते. ये गं सई. आधी जरा पाठमोरी उभी राहा, सगळ्यांना दिसू दे.

या वेण्या आज सकाळी तिच्या बाबाने घातल्या आहेत. एक वर, एक खाली, भांगही वाकडा आहे. कोणी हसू नका. सई, डोकं दुखतंय का गं? नाही म्हणते.

दानुतेबाईंचे, अध्यक्षांचे, गोष्ट पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगू देणाऱ्या मोरेश्वर काकांचे आणि इतका वेळ उठून न गेलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी आभार मानते. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर पोटात घाला. आज विंगेत कोणी नव्हतं, जे बोलले ते माझंच होतं.